मामाचा पॉझ

माझा मामा लिफ्टच्या दाराला कान लावतो. डॉक्टर रोग्याच्या छातीला लावतात तसा नाही, डॉक्टरांना घाई असते. मामा डोळे मिटतो, डावा तळवा पत्र्यावर सपाट टेकवतो आणि लिफ्ट खालून येऊन त्याच्यासमोरून वर निघून जाईपर्यंत श्वाससुद्धा जपून घेतो. मग म्हणतो, "तिसऱ्यावर कुरकुरतेय." तिसऱ्या मजल्यावर जाऊन पाहावं तर खरंच दाराचं एक चाक झिजलेलं असतं. कंपनीत त्याला सगळे 'कान' म्हणतात. "कानांना विचारा." "कान जेवायला गेलेत." साहेब लोकसुद्धा तेच म्हणतात, फक्त पुढे 'साहेब' लावतात आणि ते आणखी विचित्र ऐकू येतं.

मामाकडे एकोणीस लिफ्ट आहेत. प्रत्येक लिफ्टची एक वही असते, वर गच्चीवरच्या मशीनच्या खोलीत, पत्र्याच्या पेटीत. महिन्याला ब्रेक, दोर, दारं, दिवा, घंटा हे सगळं तपासायचं, एकेका ओळीपुढे खूण करायची आणि खाली सही. मामाची सही म्हणजे शाळेत फळ्यावर लिहितात तसं सुटं सुटं अक्षर. फराटा नाही, शेपटी नाही. आणि त्याचा एकच नियम: पाहिलं नाही, तर सही नाही.

एकदा एका इमारतीत मोठे पाहुणे यायचे होते. तिथला मॅनेजर घामाघूम होऊन म्हणाला, "आता नुसती सही करा हो, बाकीचं उद्या बघा."

"मग सहीपण उद्याच करतो," मामा म्हणाला. पिशवी खांद्यावर टाकली आणि अकरा मजले जिन्याने उतरला. न तपासलेल्या लिफ्टमधून तो स्वतः कसा उतरणार?

मला हे सगळं माहीत असण्याचं कारण मी त्याच्याच घरी वाढले. आई-बाबांच्या बदल्या होत राहायच्या, माझी शाळा मोडू नये म्हणून मला मामा-मामीकडे ठेवलं, आणि मग मी राहिलेच. मामा मला 'टकळी' म्हणतो. लहानपणी मी झोपेतही बोलायचे म्हणे. आता नाटकात काम करते. म्हणजे भूमिका मिळाली तर भूमिका, नाहीतर प्रॉम्प्टिंग, विंगेतून नटांना विसरलेले शब्द पुरवायचे. गेली दोन वर्षं 'नाहीतर'च चाललंय.

तर यंदा मामाची कंपनी दुसऱ्या एका मोठ्या, परदेशी कंपनीने घेतली. गणवेशाचा रंग बदलला, पिशव्या बदलल्या, आणि एक पत्र आलं. मामाने ते घडी करून चष्म्याच्या डबीत आणलं होतं. जेवायला बसायच्या आधी माझ्यापुढे ठेवलं.

"वाच. मला कळलंय, पण वाच."

पत्र साधं होतं. जे मुख्य मेकॅनिक वहीवर सही करतात, त्यांना अडीअडचणीला परदेशातल्या सुरक्षा विभागाशी फोनवर बोलावं लागेल. तिथे आपली भाषा कोणाला येत नाही. म्हणून प्रत्येकाची इंग्रजीत मुलाखत होईल. मुलाखत जमली तर सहीचा अधिकार राहील. नाही जमली तर पगार तोच, पण काम स्टोअरमध्ये: वंगणाचे डबे आणि स्क्रूची पाकिटं मोजून द्यायची. एकोणीस वह्यांवर दुसरा कुणीतरी सही करेल.

"स्टोअरमध्ये खुर्ची असते," मामी आतून म्हणाली. "पंखापण असतो. गुडघ्यांना बरं."

"माझ्या गुडघ्यांनी काही तक्रार केलीय का तुझ्याकडे?"

"रोज करतात. तुम्ही झोपलात की."

मामा हसला नाही. पत्राची घडी पुन्हा आधीच्याच रेषांवर घातली आणि मला विचारलं, "तुझ्या नाटकात माणसं पाठ करतात ना सगळं? दोन-दोन तास?"

"करतात."

"मग मला शिकवशील?"

मी लगेच हो म्हटलं. इतक्या लगेच, की मामीने स्वयंपाकघरातून मान बाहेर काढून माझ्याकडे पाहिलं. त्या घाईमागे एक जुनी गोष्ट होती, आणि ती मी कुणाला सांगितली नव्हती.

मी बारा वर्षांची होते. शाळेत पालकांची सभा होती. इतरांचे आई-बाप इस्त्रीच्या कपड्यांत आले होते. मामा कामावरून थेट आला, निळ्या गणवेशात, हात कोपरापर्यंत घासून लाल केलेले. आमच्या वर्गशिक्षिका इंग्रजीतच बोलायच्या. त्यांनी माझ्याबद्दल काही विचारलं. मामा ताठ उभा राहिला. आठवडाभर त्याने एक वाक्य बसवलं होतं, हे मला तेव्हा माहीत नव्हतं. त्याचं इंग्रजी मशीनबरोबर येणाऱ्या पुस्तिकांमधून आलेलं.

"डोन्ट वरी, मॅडम," मामा म्हणाला. "शी इज इन गुड वर्किंग कंडिशन."

आधी मागच्या बाकावरून कुणीतरी फिस्सकन हसलं, मग सगळे. शिक्षिकाही हसल्या, चांगल्या मनाने हसल्या असतील. मामाही त्यांच्याबरोबर हसला, कारण सगळे हसत होते. मी मात्र वहीच्या पानाचा कोपरा नखाने फाडत बसले.

घरी परतताना मी त्याच्यापुढे दहा पावलं चालत होते. कोपऱ्यावर थांबून म्हटलं, "मामा, तू परत कधी इंग्रजी बोलू नकोस."

"का गं?"

"सगळे हसतात. मला लाज वाटते."

मामाने पिशवी दुसऱ्या खांद्यावर घेतली. मग म्हणाला, "बरं." एवढंच.

आणि खरंच नाही बोलला. चौदा वर्षांत माझ्यासमोर इंग्रजीचं एक वाक्य नाही. दुकानात, बँकेत, फोनवर कुणी इंग्रजीत सुरू झालं की तो बाजूला सरकायचा आणि मला पुढे करायचा. "टकळी बोलेल." लोकांना वाटायचं, भाचीचं केवढं कौतुक. मलाही तसंच वाटून घेणं सोयीचं होतं.

तर मी शिकवायला लागले. कंपनीने नमुन्याच्या प्रश्नांची यादी पाठवली होती. मी एकेका प्रश्नाचं उत्तर लिहून काढलं, आपल्या लिपीत, जाड अक्षरात, पोस्टकार्डाएवढ्या पुठ्ठ्यावर. बेचाळीस कार्डं झाली. उत्तरं सुबक होती. मीच लिहिली होती ना. मामाने त्यांतला एकही शब्द सुचवला नव्हता, कारण मी विचारलाच नव्हता.

रोज संध्याकाळी तो चहा पिऊन खुर्चीत बसायचा, मी समोर.

"कणा ताठ. हनुवटी वर. प्रश्न संपला की एक श्वास, मग वाक्य."

"श्वास इंग्रजीत घ्यायचा का?"

"मामा."

"बरं, बरं."

वाक्यं त्याला पाठ व्हायची, पण रस्त्यात पाण्याने भरलेली बादली घेऊन चालल्यासारखी. एक शब्द हिंदकळला की सगळं सांडायचं. मग तो थांबायचा, मी पहिला शब्द टाकायचे, आणि तो पुढे चालू लागायचा. काही दिवसांनी माझ्या लक्षात आलं की तो आता शब्द आठवण्याचा प्रयत्नच करत नाही. माझ्या ओठांकडे बघतो. मला ते आवडलं. आमची जोडी जमली असं वाटलं.

"आणि मुलाखत घेणाऱ्याने यादीबाहेरचं विचारलं तर?" त्याने एकदा विचारलं.

"यादी त्यांनीच पाठवलीय. बाहेरचं कशाला विचारतील?"

"लिफ्ट नेहमी यादीबाहेरच्या कारणानेच बंद पडते."

"मी असेन ना समोर."

"समोर म्हणजे?"

"लॅपटॉपच्या मागे. कॅमेऱ्यात दिसणार नाही. अडलास की कार्ड वर धरेन."

मामाने कार्डांचा गठ्ठा उलटसुलट केला. "हे चालतं का?"

"नाटकात चालतं, मामा. मोठमोठ्या नटांना चालतं."

"हे नाटक आहे का?"

मी म्हटलं, "आता तूच मला तत्त्वज्ञान शिकव," आणि त्याने गठ्ठा मला परत दिला. मी जिंकले होते.

मुलाखतीच्या दिवशी मामीने घराचा ताबा घेतला. घंटेची तार काढली, नळ घट्ट केले, आणि स्वयंपाकघराच्या दारात अशी बसली की मुंगीही परवानगी मागून जाईल. जेवणाच्या टेबलावर लॅपटॉप, त्यामागे बुटक्या स्टुलावर मी, मांडीवर बेचाळीस कार्डं आणि एक जाड पेन.

पडद्यावर आलेल्या बाई पिकल्या केसांच्या होत्या, चष्मा दोरीने गळ्यात अडकवलेला, हे मामाने नंतर सांगितलं. आवाज सावकाश. मला दिसत नव्हत्या, पण आवाजावरून माणूस कळतो, तेवढं माझं शिक्षण झालंय. ही बाई घाईत नव्हती. तिने आधी विचारलं, गुडघे कसे आहेत. सगळ्या लिफ्टवाल्यांचे गुडघे सारखेच असतात म्हणे. मामा हसला, पण बोलला नाही, कारण ह्याचं कार्ड नव्हतं.

मग यादीतले प्रश्न आले. पहिला, दुसरा, पाचवा. मामा म्हणत गेला, मी पुरवत गेले. कार्ड वर, कार्ड खाली. खरं सांगते, मला मजा येत होती. दोन वर्षांत इतकं चांगलं प्रॉम्प्टिंग मी केलं नव्हतं.

आणि मग तिने कार्डावरचाच एक प्रश्न थोडा फिरवून विचारला. "हॅव यू एव्हर साइन्ड फॉर समथिंग यू डिड नॉट सी?" पाहिल्याशिवाय कधी सही केली आहे का?

मामा थांबला.

आमचे नाटकाचे सर पहिल्याच दिवशी प्रॉम्प्टरला सांगतात की पॉझ दोन तऱ्हेचे असतात. एक विसरल्याचा, एक विचाराचा. विसरलेला नट विंगेकडे बघतो. विचार करणारा बघत नाही. पहिल्यात शब्द दिला नाहीस तर प्रयोग पडेल, दुसऱ्यात दिलास तर नट पडेल.

मामा माझ्याकडे बघत नव्हता. तो टेबलाकडे बघत होता, आणि त्याचा डावा तळवा लाकडावर सपाट टेकलेला होता. लिफ्टच्या दारावर टेकतो तसा. ओठ हलले. काहीतरी येत होतं.

मी मोजत होते. एक, दोन, तीन, चार. चार आकडे रंगमंचावर फार मोठे असतात. मी एका कार्डाच्या कोऱ्या बाजूवर भराभर 'नेव्हर' लिहिलं आणि त्याच्या नजरेसमोर धरलं. धरलंच नाही, हलवलं.

मामाने कार्डाकडे पाहिलं. मग माझ्याकडे. इतका वेळ, की मी भुवया उडवून 'म्हण ना' अशी खूण केली.

"नेव्हर, मॅडम," मामा म्हणाला.

पलीकडे पेनाचा आवाज आला. तिने ते लिहून घेतलं.

तो पॉझ कुठला ते दिसलं नाही असं मी नंतर स्वतःला पुष्कळदा सांगितलं. दिसलं होतं.

दोन दिवसांनी निकाल आला. मामा पास. खाली शेरा होता: आत्मविश्वासाने बोलतात. मामीने घंटेची तार परत जोडली आणि पहिल्यांदा स्वतःच वाजवून बघितली. मी मामाला मिठी मारली. तो म्हणाला, "बरं झालं," आणि पिशवी घेऊन कामावर गेला.

पुढच्या आठवड्यात मला मामाच्या नव्या इंजिनिअरचा फोन आला. तरुण आहे, नम्र आहे, मामाच्या हाताखाली शिकतोय पण कागदावर त्याच्या वर आहे, त्यामुळे कायम अवघडलेला.

"ताई, कानांची तब्येत बरी आहे ना?"

"बरी आहे. का?"

"नाही, म्हणजे काम सगळं व्यवस्थित आहे. पाच लिफ्ट तपासल्या. ओळींपुढे खुणा आहेत. पण सही नाही. पाचही वह्यांत. विचारलं तर म्हणतात, करू."

रविवारी सकाळी मामा बाल्कनीत जुन्या वर्तमानपत्रावर हत्यारं मांडून पुसत बसला होता. मी समोर मांडी घातली.

"सही का करत नाहीस?"

त्याने पाना पुसला, ठेवला. दुसरा घेतला.

"मामा, पास झालायस तू."

"कोण झालं?"

त्याने फडकं घडी करून गुडघ्यावर ठेवलं.

"बावीस वर्षं झाली," तो म्हणाला. "मी नवा होतो. एका दिवसात आठ लिफ्ट उरकायच्या होत्या. फोरमन म्हणाला, वर चढत बसू नकोस, इथूनच सही कर. तेव्हा वह्या खालीच असायच्या. मी तळमजल्यावर उभा राहून लिहिलं, ब्रेक तपासला. तपासला नव्हता. झिजलेला होता तो. दहाव्या दिवशी लिफ्ट मजल्याच्या चार बोटं खाली थांबली. एक बाई बाहेर पडायला गेल्या. निवृत्त शिक्षिका. हातात वाचनालयाची पुस्तकं. अडखळल्या आणि पडल्या. मनगट मोडलं. उजवं."

"मग?"

"मग काय. मी दुपारी जाऊन ब्रेक बदलला. फोरमनने कागदावर लिहिलं, प्रवाशाचं लक्ष नव्हतं. कुणी काही विचारलं नाही. मी त्यांची पुस्तकं त्यांच्या घरी नेऊन दिली. त्या प्लास्टरमध्ये हात घेऊन दारात आल्या, म्हणाल्या, माझंच लक्ष नव्हतं हो, तुम्हाला उगाच त्रास." मामाने फडक्याची घडी मोडली. "पाणी विचारलं त्यांनी मला. मी प्यायलोपण."

मामी आतून बाहेर आली होती. ती दाराला टेकून उभी होती. तिलाही हे माहीत नव्हतं, हे तिच्या चेहऱ्यावरून कळलं.

"मुलाखतीत त्या बाईने तेच विचारलं," मामा म्हणाला. "इतक्या वर्षांत पहिल्यांदा कुणीतरी विचारलं. मी शब्द जुळवत होतो. वन टाइम, मॅडम. एवढंच येत होतं मला, पण येत होतं."

"आणि मी कार्ड धरलं."

"तू धरलंस. मी वाचलं." त्याने पाना उचलला. "वाचणाऱ्यानेपण बघायला पाहिजे ना, काय वाचतोय ते."

मला तेव्हा कुणीतरी ओरडायला हवं होतं. मामा ओरडला नाही.

मी म्हटलं, "मी मेल करते त्यांना. सगळं नीट लिहिते, माझी चूक होती म्हणून."

"नको. नंबर लावून दे."

"आत्ता? काय बोलायचं ते आधी लिहून देऊ?"

"नको."

"बाजूला बसू?"

"नको, टकळे. तू बाहेर जा."

"किती बाहेर?"

"मला दिसणार नाहीस इतकी."

"नोकरीवरून काढलं तर?" मामी म्हणाली. टोमणा नव्हता तो.

"तर गुडघ्यांना बरं," मामा म्हणाला, आणि मामी तोंडाला पदर लावून आत गेली. हसली की रडली, मला कळलं नाही. तो वार सुट्टीचा होता, पण निकालाच्या पत्रात मुलाखतीच्या बाईंनी तातडीसाठी म्हणून एक नंबर दिलेला होता. मामाच्या मते हे तातडीचंच होतं.

मी जिन्यात जाऊन उभी राहिले. दार लोटलेलं. थोड्या वेळाने मामीही येऊन एक पायरी खाली बसली. आतून बराच वेळ काहीच आवाज आला नाही.

"बोलतायत का?" मामीने विचारलं.

"थांब."

मग आला. "मॅडम. दॅट डे आय सेड नेव्हर." शांतता. मी मोजायला लागले आणि मोजणं जबरदस्तीने थांबवलं. "इट इज नॉट नेव्हर. इट इज वन टाइम." पुन्हा शांतता, आधीपेक्षा मोठी. माझ्या जिभेवर शब्द तयार होते, एकापाठोपाठ एक, चांगले, अचूक. मी मूठ दातांत धरली. "अँड दॅट डे, मॅडम, आय ॲम रीडिंग. कार्ड. वर्ड्स नॉट माय. वर्क इज माय."

"चुकतायत का?" मामी कुजबुजली.

"नाही," मी म्हटलं.

तो बाहेर आला तेव्हा गणवेश नसतानाही गणवेशात असल्यासारखा दिसत होता. जुना निकाल रद्द. नऊ दिवसांनी पुन्हा मुलाखत, पण घरी नाही. मशीनच्या खोलीत, फोन स्टँडवर लावून, एकट्याने. तोवर एकाही वहीवर सही नाही. आणि ह्या वेळी जमलं नाही तर स्टोअर, कायमचं.

नऊ दिवस मी त्याला काही शिकवलं नाही. त्याने मागितलं नाही. कार्डं मी फाडणार होते, पण मामीने मागच्या कोऱ्या बाजूंवर सामानाच्या याद्या करायला ठेवून घेतली. अजूनही बाजारात जाताना ती कधी कधी 'नेव्हर' पर्समध्ये घालून जाते.

दुसऱ्या मुलाखतीच्या दिवशी मी गेले. नको म्हणाला नव्हता, ये असंही म्हणाला नव्हता. अकरा मजल्यांची तीच इमारत. गच्चीकडे जाणाऱ्या शेवटच्या जिन्याच्या तळाशी इंजिनिअर उभा होता, कुणी वर जाऊ नये म्हणून. मी पायरीवर बसले.

वरून फक्त मशीनची घरघर. मामाचा आवाज तिच्यात बुडून जात होता.

"तुम्ही काळजी करू नका, ताई," इंजिनिअर म्हणाला. "इंग्रजी बोलतात ते. वर."

"वर म्हणजे?"

"मशीनच्या खोलीत. एकटे असले की. तुम्हाला माहीत नाही?" त्याला वाटलं मी चेष्टा करतेय. "गेल्या गेल्या गुड मॉर्निंग म्हणतात मशीनला. ब्रेक उघडताना प्लीज. काय बिघडलंय ते तिलाच समजावून सांगतात, सगळं इंग्रजीत. मी एकदा दारातून ऐकलं. मला बघितलं तसे गप्प झाले."

"कधीपासून?"

"मी आल्यापासून तरी. जुनी माणसं म्हणतात, दहा-बारा वर्षं. जास्तच असतील."

चौदा. मी हिशेब त्याला सांगितला नाही. मी पायरीच्या कडेला निघालेला रंगाचा पोपडा नखाने काढत बसले. चौदा वर्षं हा माणूस, जिथे कुणी हसणार नाही अशी जागा शोधून, वंगणाच्या वासात इंग्रजी बोलत होता, आणि घरी येताना ते तिथेच पत्र्याच्या पेटीत ठेवून येत होता. आणि मी त्याच्यासाठी बेचाळीस कार्डं लिहिली होती.

सव्वा तासाने वरचं लोखंडी दार वाजलं. मामाने खाली वाकून इंजिनिअरला हाक मारली, "ये वर." मीही गेले.

"सही राहिली," मामा म्हणाला. "पण एक वर्षभर माझ्या सहीखाली ह्याचीपण सही. आणि सगळं फाइलमध्ये गेलं. ते मनगट, ती कार्डं. राहणार तिथे."

"माझं नाव?"

"नाव नाही विचारलं. भाची असं लिहिलंय."

त्याने पेटीतून वही काढली. ओळींवरून एकदा बोट फिरवलं, पेनाचं टोपण तोंडात धरलं आणि सुटी सुटी अक्षरं काढून सही केली. इंजिनिअरने हात पुढे केला. "मी करू खाली?"

"तू पाहिलंस सगळं?"

"नाही. पण तुम्ही पाहिलंय ना."

मामा नुसता त्याच्याकडे बघत राहिला. इंजिनिअरने बॅटरी उचलली आणि ब्रेककडे वळला.

अकराव्या मजल्यावरून आम्ही दोघं लिफ्टने निघालो. दार बंद होताना मामाचा तळवा सवयीने पत्र्यावर गेला. दहा. नऊ.

"शेवटी मॅडम विचारत होत्या," मामा म्हणाला, "की ती भाची आता कशी आहे. म्हणजे तुला फार लागलं असेल का मनाला, असं."

"मग? काय सांगितलंस?"

"शी इज इन गुड वर्किंग कंडिशन."

मी आकड्यांकडे बघत राहिले. सात.

"हसल्या त्या," मामा म्हणाला. "खूप हसल्या. मग मीपण हसलो."

म्हणजे त्याला आठवत होतं. वाक्य आठवत होतं, कोपरा आठवत असणार, दहा पावलं पुढे चालणारी मीही आठवत असणार. मला बोलायचं होतं. त्या कोपऱ्याबद्दल बोलायचं होतं. कार्डाची माफी माझी पुन्हा पुन्हा मागून झाली होती, ती सोपी होती. ही दुसरी येत नव्हती. टकळी म्हणतात मला, आणि माझ्या तोंडात आपल्या भाषेतलाही शब्द येईना. चार. तीन. तिसऱ्या मजल्यावर काही कुरकुरलं नाही.

मामा माझ्याकडे वळला. वाट बघू लागला. त्याला माहीत होतं मला काय म्हणायचंय, शब्दसुद्धा माहीत असतील. त्याने एकही पुढे केला नाही.

तळमजला आला. दार उघडलं, आणि थोड्या वेळाने मिटायला लागलं. मामाने तळवा आडवा धरून ते थांबवलं. बाहेर एक बाई पिशव्या घेऊन उभ्या होत्या. त्यांनी आत पाय टाकायला पाहिलं.

"दोन मिनिटं हं, ताई," मामा त्यांना म्हणाला. मग मला, "घाई नाही."